पहिली कात

प्रिय पसारेबाई,

या नावानं तुला हाक मारायचा हक्क मला अजून आहे की नाही, कोण जाणे. पण खरं नाव लिहायला घेतलं की हात अडखळतो, कारण ते मी गेली बावीस वर्षं एका बरणीवरच्या चिठ्ठीवर वाचत आलेय, लॅटिन शेपूट लावलेलं. परवा तुझी वहिनी बँकेत भेटली. म्हणाली, चष्म्याचं दुकान आता लेक बघते आणि तू काउंटरमागे बसून गिऱ्हाइकांच्या नाकाडांची मापं काढतेस. मला हसू आलं. म्हटलं, बाईची मोजायची खोड काही जाणार नाही.

माझं म्हणशील तर गुडघे कुरकुरतात आणि मार्चमध्ये निवृत्ती आहे. संग्रहालयाचा मागचा जिना बंद केलाय, त्यामुळे आपल्या खोलीत यायला सगळा पहिला मजला पालथा घालावा लागतो. तुझं टेबल अजून खिडकीपाशीच आहे. त्यावर आता प्रिंटर असतो आणि तो दिवसाआड रुसतो. नवे साहेब बरे आहेत, फक्त कोळ्यांना किडे म्हणतात. पहिल्या दिवशी मी त्यांना पाय मोजायला लावले, तेव्हापासून ते आमच्या खोलीकडे फिरकत नाहीत.

गेल्या आठवड्यात शाळेच्या मुली आल्या होत्या. मी तुझंच जुनं भाषण ठोकलं. हा चाबूक-कोळी, हा जाळं विणत नाही, याला विष नाही, पण ध्यान असं की बघणाऱ्याची बोबडी वळावी. पाय आठ, चालतो मात्र सहांवर. पुढचे दोन म्हणजे दोऱ्यासारखे लांबलचक चाबूक, अंधारात चाचपडायला. एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, सगळे सारखेच तर दिसतात. मग तिला सांगितलं की आधी तोंडाजवळचे काटेरी हात बघायचे, कुठला काटा लांब, कुठला आखूड. मग पायाच्या टोकाला चिकटायची गादी आहे का ते बघायचं. आणि शेवटी चाबकाची पेरं मोजायची, डोळ्यांत तेल घालून, दोन्ही बाजूंची. एवढं सांगून मी पुढच्या कपाटाकडे वळले. त्याच्या पुढचं तुझ्या भाषणातलं वाक्य मी कधीच म्हणत नाही: तुटलेला चाबूक पुन्हा उगवतो, पण उगवलेल्याची पेरं मोजून जात ठरवू नये.

तुझी ती गुहेतली मादी आठवते ना? आणल्यावर चौथ्याच दिवशी तिनं कात टाकली आणि तू ती एका इवल्याशा बाटलीत जपून ठेवलीस. पुढं शेजारच्या डब्यातली तिच्या डब्यात शिरली, दोघींची जुंपली आणि हिचे दोन्ही चाबूक गेले. पुढच्या कातीनंतर नवे आले. यातलं मला तेव्हा काही माहीत नव्हतं, कारण ते वर्षभर मी वरच्या मजल्यावर फुलपाखरांच्या पेट्या पुसत होते. मग तुझी आई आजारी पडली, तू सात महिने रजेवर गेलीस, ती मादी मेली आणि तुझं काम माझ्याकडे आलं. मी स्पिरिटमधून तिला काढलं, पेरं मोजली. डावीकडे एकोणीस, उजवीकडे अठरा. त्या भागातल्या आधीपासून माहीत असलेल्या जातीत तेवीस असतात. म्हणजे ही नवीच जात, म्हणून मी हरखून गेले. दोन बाजूंचे आकडे जुळत नाहीत हे कुणालाही खटकलं असतं. मी लेखात ‘अठरा ते एकोणीस’ असं ऐटीत लिहिलं, जणू तो त्या जातीचा गुणच. नव्या जातीला तुझं नाव दिलं. ते मात्र मनापासून दिलं होतं गं. तुझी शिकार, तुझं नाव.

तू परत आलीस तेव्हा लेख छापायला गेला होता आणि माझी कायमच्या जागेची मुलाखत पंधरा दिवसांवर होती. तू दारातच सांगितलंस, चाबूक नंतरचे आहेत, पहिली कात आहे माझ्याकडे, तिच्यात तेवीस आहेत. बोलताना तू ओशाळली होतीस. स्वतःचं नाव दिलेली जात खोटी ठरवायची म्हणजे वाढलेलं ताट नाकारल्यासारखं. मग आपण बाटली शोधली. तीन दिवस शोधली. तुझ्या टेबलावरचा तो जगप्रसिद्ध पसारा उपसला, खोके उलटे केले. सगळे चेष्टा करत होते, पसारेबाईंनी आता हत्ती हरवला तरी नवल नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तू खुर्चीत बसलीस आणि म्हणालीस, जाऊ दे, माझंच मोजताना चुकलं असेल. वहीत आकडा लिहिला होतास, पण त्या दिवशी आईच्या दवाखान्याची गडबड होती, त्यामुळे तुला त्याचीही खात्री वाटेना. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. वर्षभरात तू नोकरी सोडलीस. निरोपाच्या वेळी म्हणालीस, जिला आपली बाटली सांभाळता येत नाही तिनं या कामात पडू नये. सगळे हसले, तूही हसलीस.

तू बाटली हरवली नव्हतीस. तू रजेवर असताना तुझ्या टेबलाचा एक कोपरा मी आवरला होता आणि बाटली विंचवांच्या ट्रेमध्ये ठेवून विसरले होते. शोधाशोधीच्या दुसऱ्या दिवशी, तू जेवायला गेली होतीस तेव्हा, ती मला सापडली. मी कात मायक्रोस्कोपखाली धरली आणि मोजली. तेवीस. पुन्हा मोजली. तेवीस. मग बाटली माझ्या खणात ठेवली आणि तू आल्यावर तुझ्याबरोबर शोधायला लागले. संध्याकाळी सांगू म्हटलं, मग मुलाखतीनंतर सांगू म्हटलं, मग तू गेलीसच. तुझं नाव दिलं म्हणून लोक मला मोठ्या मनाची म्हणायचे आणि मी ऐकून घ्यायचे. आम्ही तुला ज्या नावानं चिडवायचो, त्याच्याच आड मी लपले.

आज लिहितेय त्याला कारण आहे. त्याच गुहेतून एका मुलीनं अकरा चाबूक-कोळी आणलेत. तिचा प्रबंध चाललाय. सगळ्यांची पेरं तेवीस, दोन्ही बाजूंना. ‘तुझी’ जात तिला तिथं सापडतच नाही. काल ती माझ्यासमोर बसली होती, वही मांडीवर घेऊन, आणि इतक्या नम्रपणे म्हणाली, मॅडम, तुमचं कसं चुकेल, माझंच मोजताना चुकत असेल. शब्द न् शब्द तोच, पसारे. मी तिला सोमवारी बोलावलंय. कात तिच्या हातात देणार आहे आणि ती माझ्याकडे कशी राहिली तेही सांगणार आहे. दुरुस्तीचा लेख लिहून झालाय, त्यात हे सगळं आहे. त्यानंतर ती जात राहणार नाही आणि तुझं नाव रद्द झालेल्या नावांच्या यादीत जाईल. माफी मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही. ती पोरगी सोमवारी घरी जाताना स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून जाईल. तिच्याआधी तुला कळायला हवं होतं, म्हणून हे पत्र आजच टाकतेय. तू बरोबर मोजलं होतंस.

तुझीच,
समोरच्या टेबलावरची