म्हातारबा कोणावर गुरगुरतो

३ तारीख, सोमवार
आले बाई एकदाची! खोली लहान पण हवेशीर, खिडकीपाशी टेबल, काकूंच्या हातचा चहा फक्कड. माझं काम एकच, घरातला चौदा वर्षांचा कुत्रा. सगळे त्याला म्हातारबा म्हणतात. ऐकू कमी येतं, डोळ्यांत मोतीबिंदू, घरभर शू, आणि महिनाभरापासून घरच्याच माणसावर गुरगुरणं. काकू म्हणाल्या, पंधरा तारखेपर्यंत सुधारला तर ठीक, नाहीतर डॉक्टर सुई देऊन सोडवतील बिचाऱ्याला. मी म्हटलं, काकू, याच्याहून द्वाड माझ्या हाताखालून गेलेत. लावा पैज.

४ तारीख, मंगळवार
माझी पद्धत साधी. वहीत तीन रकाने: कधी गुरगुरला, कोणावर, आणि त्याआधी काय घडलं. कुत्रं उगाच काही करत नाही, माणसं करतात. दर दोन तासांनी बाहेर नेलं, पाय घसरतो तिथे सतरंजी टाकली. शू निम्म्यावर आली. लबाड माझ्या पायावर डोकं टाकून घोरतो. जीव जडला त्याच्यावर.

गुरगुरतो फक्त काकांवर. वयामुळे ओळखत नाही, म्हणे. पण त्यांची लेक, ताई, दारात आली की शेपटी थांबत नाही. तिला बरा ओळखतो!

६ तारीख, गुरुवार
दोघांची दोस्ती व्हावी म्हणून काकांच्या हातून बिस्कीट द्यायला लावलं. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. काका हसत राहिले, जरा जास्तच वेळ. ताईने हळूच सांगितलं, आजारपणात काका मागच्या खोलीत झोपायचे, तिथून उठून आले तेव्हापासून हे सुरू आहे. पूर्वी काका दिवसभर करवादायचे म्हणे. आता गोडच गोड.

८ तारीख, शनिवार
आज काकूंवर गुरगुरला. तिसऱ्या रकान्यात लिहिलं: काल दुपारी पाठ दुखते म्हणून काकू मागच्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. योगायोग असेल. पण सकाळी काकूंनी स्वतःच्याच स्वयंपाकघरात मला विचारलं, साखर कुठे असते. हसून विचारलं.

त्या खोलीचा उंबरा म्हातारबा ओलांडत नाही. मी आत जाऊन पाहिलं. पलंग, कपाट, चादर, बास. खोटं कशाला बोलू, तिकडे पाठ करून बाहेर यायची छाती झाली नाही.

१० तारीख, सोमवार
आता ताईवर. ताईवर! काल तिचं डोकं दुखत होतं, काकूंनी तिला तिथे निजवलं. मी कुठे मेले होते तेव्हा — बाजारात.

ताईने मला विचारलं, "हा कुत्रा कोणाचा?"

तिघंही एकसारखी हसतात. म्हातारबा ओळखत नाही असं नाहीच. या घरात तोच एकटा ओळखतो.

डॉक्टर परवाच येणार. काकूंनी तारीख अलीकडे आणली.

११ तारीख, मंगळवार
त्याला घेऊन पळायचं. पिशवी भरली. उचलून न्यायला पोत्याएवढा जड, आणि डोळ्यांनी दिसत नाही, पट्टा हवाच. पट्टा जागेवर नाही. काकू म्हणाल्या, मागच्या खोलीच्या कपाटात ठेवलाय.

गेले. दुसरं काय करणार? तीन दिवस धड झोप नाही. शोधता शोधता पलंगावर टेकले — दोनच मिनिटं —

उठले तेव्हा ऊन उतरलं होतं.

१२ तारीख, बुधवार
माझ्यावर गुरगुरला.

हात धुतले. कपडे बदलले. पुन्हा त्याच्याजवळ गेले. पुन्हा —

मी मीच आहे. वही माझी, अक्षर माझं. माझ्या आईचं नाव — थांबा, अगदी ओठांवर आहे —

डॉक्टर आलेत. काकूंनी विचारलं, द्यायची ना सुई? नको म्हणायचं होतं मला. देवाशप्पथ नको म्हणायचं होतं. मान हलली. तोंड हसलं.

तो भिंतीला चिकटून बसलाय. थरथरतोय. घाबरू नको रे राजा, मी आहे ना, मी —