गुरुजींची अंघोळ

नंदुरबार, मंगळवार

तीर्थरूप आप्पांना भूपेंद्रचा नमस्कार,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. फाडण्याआधी आईला वाचून दाखवा. माझी तब्येत चांगली आहे, जेवणही बरं मिळतं.

परवा हेमकांतकाकांनी मला दवाखान्यात एका म्हाताऱ्यांच्या अंगाला साबण लावताना पाहिलं. "पाटीलना पोऱ्या हाई काम करस?" म्हणाले. ते गावभर सांगतील, त्याआधी मीच सांगतो. होय, रुग्णांची काळजी घ्यायचं शिक्षण म्हणजे हेच. अंघोळ घालायची, कूस बदलायची, घाणही काढायची.

ते म्हातारे म्हणजे लोणखेड्याचे एक निवृत्त गुरुजी. लकव्याने अर्धं अंग गेलंय. बाईमाणसाच्या हातून अंघोळ नको, म्हणून आठ दिवस तसेच पडून होते. मी पडदा ओढला, कोमट पाणी घेतलं आणि सावकाश अंघोळ घातली. अंग पुसून झाल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि रडले. "आते माणूससारखं वाटस," म्हणाले.

तुम्ही याला बायकांचं काम म्हणालात. म्हणा. मी सोडणार नाही.

आईचा पाय दुखतो का अजून? प्लास्टर आहे तोवर तिला काखेत धरून ओढू नका. स्वतःचे गुडघे वाकवून, तिला कमरेला धरून उठवा. शेजारच्या वत्सलाकाकू येईपर्यंत तिला ताटकळत ठेवू नका. तुम्हालाही जमेल, आप्पा. रविवारी येऊन मी दाखवतो. दार तेवढं उघडा.

तुमचाच मुलगा,
भूपेंद्र