जॅकेट पाण्याखाली तपासताना

बाई, लेकीनं पुण्याहून मला एक जॅकेट पाठवलं आहे, आणि गेले काही महिने मी त्याच्या मागे लागले आहे. पुढच्या उन्हाळ्यात वर्ध्याच्या आम्ही काही बायका उत्तराखंडात डोंगर चढायला जाणार आहोत. मी निवृत्त झाले, गुडघे अजून साथ देतात, म्हणून नाव नोंदवलं. नेणाऱ्या लोकांनी सांगितलं की वर पाऊस कधीही येतो, अंगावरचं चांगलं हवं. लेकीनं लगेच जॅकेट मागवलं. गर्द हिरवं, वजनाला इतकं हलकं की आधी मला वाटलं, पाकिटात नुसता कागदच आहे. त्यावर चिठ्ठी लावलेली: पाणीरोधक. लेक फोनवर म्हणाली, आई, आता निर्धास्त जा. मी हो म्हणाले आणि फोन ठेवल्यावर पहिल्यांदा तुमची आठवण झाली.

तुम्ही तळेगावच्या शाळेत आम्हाला भूगोल शिकवायच्या. वर्गात तुमची भाषा पुस्तकातली असायची, आणि शाळेचं फाटक ओलांडलं की आमच्यासारखी. मुलींना डोंगरावर न्यायचं हे त्या काळी गावात कुणाला सुचलं नसतं. तुम्ही घरोघरी जाऊन आयांशी बोललात, बापांशी बोललात, आणि पाऊस ओसरत आला की दरवर्षी आम्हाला कारंज्याच्या वाटेवरच्या टेकड्यांवर घेऊन जायच्या. निघण्याआधी प्रत्येकीचं पावसाचं सामान शाळेच्या हातपंपाखाली तपासून व्हायचं. कुणाची छत्री, कुणाची खताच्या पोत्याची खोळ. माझ्याकडे वर्ध्याहून आणलेला फुलाफुलांचा रेनकोट होता आणि मी त्यात मिरवत होते. तुम्ही मला पंपाखाली उभं केलंत, खांद्यावर दप्तर घ्यायला लावलंत आणि एका मुलीला दांडा हाणायला सांगितलंत. पाणी शिवणीतून सरळ पाठीवर उतरलं. "दिसते तं सुंदर," तुम्ही म्हणालात. "पण आपल्याले त्याच्याकडं पाह्याचं नाई, त्याच्या आत राह्याचं हाय." मग स्वतः बसून तुम्ही त्या शिवणींवर मेणबत्ती घासून दिलीत.

तेच मी आता वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या आमच्या घरात करते आहे. पाठीवरच्या बॅगेत तांदूळ भरले, राखाडी सुती कुर्ता घातला, म्हणजे ओल कुठे लागते ते लगेच दिसावं, वर जॅकेट चढवलं आणि न्हाणीघरात फवाऱ्याखाली उभी राहिले. हे दारात टॉवेल घेऊन उभे. अगं, लोक अंघोळीला कपडे काढतात, असं काहीतरी म्हणाले. सुरुवातीला जॅकेटनं मन जिंकलं. धोप्याच्या, म्हणजे अळूच्या पानावरून घरंगळावेत तसे थेंब बाहीवरून पळत होते. टोपीला पुढे छज्ज्यासारखी कड आहे, मान वळवली की टोपीही वळते, डोळ्यावर पाणी येत नाही. काखेखाली चेन आहे, ती उघडली की आतली वाफ बाहेर जाते. पण बरंच पाणी पडल्यावर बॅगेचे पट्टे जिथे दाबतात तिथे कापड काळपट पडायला लागलं, थेंब पळायचे थांबले आणि खांदे गार झाले. जॅकेट काढलं तर कुर्त्यावर दोन पट्टे उमटलेले, अगदी बॅगेच्या मापाचे. आतून पाहिलं, शिवणींवर पाणी अडवणारी चिकटपट्टी नव्हती.

पण फवारा म्हणजे पाऊस नव्हे. वारा नाही, चढ नाही, घाम नाही. म्हणून मी तळेगावला आपल्या त्या मैत्रिणीकडे गेले. तुम्हाला आठवेल ती, पोत्याची खोळ घेऊन यायची, सगळ्यांत बारीक. लग्न होऊन गावातच राहिली. संत्र्याची बाग आहे, सोयाबीन आहे, दोन सुना आहेत. तिला म्हटलं, टेकडीवर येतेस का, मला हे जॅकेट पाहायचंय. ती आधी नको म्हणाली. शाळेतल्या त्या दिवसानंतर ती पावसात टेकडीवर कधी गेली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. शेवटी छत्री घेतली आणि निघाली.

वाटभर मला विचारत होती. "काऊन एवढी तपासून राह्यली तू? लेकीनं पाठोलं, घाल अन् जाय." मी म्हटलं, तिथे आडोसा नसतो, दवाखाना नसतो, ओलं झालं तर ओलंच राहावं लागतं. ती म्हणाली, "ते मले नको सांगू." आणि पुढे चालायला लागली.

चढावर पाऊस लागला. पहिला तासभर जॅकेटनं उत्तम काम केलं, हे मला कबूल करायला हवं. अंगाला चिकटत नव्हतं, हात वर केला तरी बाही मनगटावरून सरकत नव्हती, काखेची चेन उघडी ठेवली तर घामही फारसा साचला नाही. मग माथ्यावर वारा सुटला. तिची छत्री उलटी झाली, काड्या मोडल्या आणि ती भिजली. आणि मी पाहिलं, ती थांबली आहे. तिचा चेहरा तसाच झाला होता.

तो दिवस, बाई. आम्ही नववीत आहोत. सकाळपासून बारीक पाऊस आहे आणि परतताना वारा येतो. ती मागे पडते आहे हे कुणाच्या लक्षात नाही, मी तर सगळ्यांच्या पुढे. तुम्ही मला हाक मारून थांबवता आणि रागावता, "पुढं पोचली म्हणजे चांगली चालली असं नाई. मांगं पाह्य." मागे ती खाली बसते आहे. ओठ निळे, काही विचारलं की हसते आणि उत्तर भलतंच देते. तुम्ही आम्हाला सागाच्या झाडाखाली गोल उभं करता, पाठी आत, तोंडं बाहेर. तिचे ओले कपडे उतरवता. तुमच्या पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कोरडा स्वेटर असतो, जो तुम्ही कधीच घालत नाही आणि ज्याचं आम्हाला कोडं असतं. तो तिला घालता, वरून तुमचा रेनकोट, आणि तिला पोटाशी घेऊन बसता. घाबरलेल्या फक्त आम्ही. मग तिला पाठीवर घेऊन उतरता. संध्याकाळी तुमच्या खोलीतल्या स्टोभोवती आम्ही सगळ्या, पिठल्यासारखं गरम चून आणि भाकर, आणि ती सर्वांत जास्त जेवते.

माथ्यावर मी जॅकेट काढलं आणि तिला घातलं. माझ्या बॅगेत कोरडा स्वेटर होता. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तो ठेवायची सवय मला तुमच्यामुळे लागली. तोही आत घातला. आम्ही एका मोठ्या दगडाच्या आडोशाला बसलो. हळूहळू तिचा रंग परतला. "वारा नाई लागून राह्यला याच्यातून," ती म्हणाली आणि बाही चोळून पाहिली. मग म्हणाली, "त्या दिशी बाई मले काय म्हणत होत्या, माहीत हाय तुले?"

मला माहीत नव्हतं. आमची तोंडं बाहेर होती.

"तेराचा पाढा म्हणाय लावत होत्या. चुकली की पयल्यापासून. म्या झोपू नाई म्हणून." तिनं जॅकेटची कॉलर गळ्याशी ओढली. "अन् त्याहीचे दात वाजत होते. माह्या कानापाशी. म्या आईकत होती. त्याहीच्या अंगावर नुसतं ओलं पातळ होतं ना वो."

इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्हाला थंडी वाजत नाही. तुमचा आवाज त्या दिवशी एकदाही हलला नव्हता. आम्हाला ओरडून सांगत होतात की घट्ट उभ्या राहा, गाणं म्हणा, आणि आम्ही गाणं म्हणत होतो. गाण्यातून दातांचा आवाज ऐकू येत नाही. तुम्ही त्यासाठीच गाणं म्हणायला सांगितलंत की काय, हे आता कुणाला विचारायचं?

जॅकेटचा निकाल असा लागला. वाऱ्याला उत्तम, भुरभुर पावसाला चांगलं, हलकं, पटकन वाळतं. पण बॅग घेऊन दिवसभर कोसळत्या पावसात चालायचं असेल तर ते पुरणार नाही. पाणीरोधक म्हणजे पाण्याला काही वेळ थोपवणारं, पाणी अजिबात आत न येऊ देणारं नव्हे. लेकीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती आधी हिरमुसली, मग तिनं शिवणी आतून बंद केलेलं, जरा जड, दुसरं शोधून दिलं. तेही न्हाणीघरात तांदळाच्या बॅगेसकट तपासून झालं. कुर्ता कोरडा राहिला. ह्यांनी टाळ्या वाजवल्या.

हिरवं मी मैत्रिणीकडेच ठेवलं. थंडीत पहाटे बागेत घालते म्हणे, आणि सुना मागतात तर देत नाही. परवा तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, संत्र्याला बहार कसा आहे ते सांगितलं, आणि ठेवता ठेवता म्हणाली, "माह्यं बी नाव टाकजो त्या डोंगराच्या लोकाईत. म्या घरी सांगून देल्लं." मी लगेच नेणाऱ्या लोकांना तिचं नाव कळवलं. जिला तुम्ही पाठीवरून खाली आणलंत, ती आता स्वतःच्या पायांनी बर्फाच्या डोंगराकडे निघाली आहे. तिच्यासाठी मी तसंच जड जॅकेट मागवलं आहे.

तुम्ही जाऊनही आता किती काळ लोटला. हे पत्र पाठवायला जागा नाही, म्हणून ते इथेच टेबलावर राहील. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे, आणि मैत्रिणीलाही मी ती सांगितलेली नाही. त्या दिवशी तिला पोटाशी घेण्याआधी तुम्ही आम्हा प्रत्येकीला विचारलं होतं, थंडी वाजते का म्हणून. मी म्हणाले, नाई बाई. खरं तर मी कुडकुडत होते. मला वाटलं, तुम्ही मला धीराची म्हणाल. मग तोंड बाहेर करून उभी राहिले आणि गाणं संपेपर्यंत मला एवढंच वाटत होतं की तिच्या जागी मी असायला हवी होते.