मागून पाहिलेली सायकल

४ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या सायकलचे गिअर नीट पडत नाहीत आणि तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही, म्हणून मला हे पत्र लिहावं लागत आहे. फोन मुद्दाम केला नाही. फोन घेतला की तुझे भावोजी शेजारी येऊन बसतात आणि मी काय बोलावं ते हातवारे करून सांगतात.

तुझा गुडघा कुरकुरायला लागला म्हणून तू तुझी लाडकी सायकल ह्यांना ट्रान्सपोर्टने पाठवून दिलीस. ह्यांच्या छातीत दुखून गेल्यापासून डॉक्टरही व्यायाम करा म्हणून मागे लागलेच होते. महिनाभर हे रोज सकाळी चढ चढून येत. चेहऱ्यावर तरतरी आली, माझ्या भाजीला नावं ठेवणं बंद झालं. गिअरची थोडी कटकट पहिल्यापासून होतीच. आता मात्र चढाला गिअर बदलला की चेन आधी हटून बसते आणि मग एकदम भलत्याच चक्रावर उडी मारते.

त्यावर ह्यांनी तुला फोनवर विचारलं की वस्तू तपासून देण्याची पद्धत तुमच्या दवाखान्यात नाही का. तू म्हणालास, वस्तू ठणठणीत होती, चालवणाराच तपासून घ्यायला हवा होता. झालं! तेव्हापासून अबोला, आणि हे पुन्हा खुर्चीत. त्या खुर्चीने ह्यांची काय अवस्था केली होती ते तू पाहिलं आहेस. मला सायकलशी देणंघेणं नाही, मला हे खुर्चीबाहेर हवे आहेत. उपाय लिहून पाठव. तू दातांचा डॉक्टर आहेस, तेव्हा पहिल्याच फटक्यात काही उपटायला सांगू नकोस.

लोभ आहेच; उत्तर लवकर यावं.

तुझी,
ताई


१० जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दवाखान्यात वाचलं, त्यामुळे समोरच्या पेशंटला विनाकारण जास्त वेळ तोंड उघडं ठेवावं लागलं.

गोष्ट अगदी साधी आहे. मागच्या चाकाशी जो सांगाडा लोंबतो आणि चेनला या चक्रावरून त्या चक्रावर ढकलतो, तो डिरेलर. त्याला ओढणारी तार वापराने सैल पडते. ती डिरेलरमध्ये जिथे शिरते तिथे बोटांनी फिरेल असा छोटा गोल स्क्रू आहे. तो डावीकडे अर्धा फेरा फिरवायचा. अर्धा. भावोजींना अर्ध्यावर थांबायची सवय नाही म्हणून पुन्हा लिहिलं. बाकी कशालाही त्यांनी हात लावू नये.

आणि दुरुस्त होईपर्यंत मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर चेन अजिबात चढवू नये म्हणावं. का, ते विचारू नये.

माझ्यावर लोभ आहे तसाच असावा, रागावतानाही.

तुझा,
धाकटा


१७ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

स्क्रू फिरवला. आता चेन वर चढायलाच तयार नाही. उलटतपासणी घेतली तेव्हा उलगडा झाला. तू सायकलच्या मागे उभं राहून डावीकडे लिहिलंस. ह्यांनी हँडलकडून ओणवं होऊन स्वतःच्या डावीकडे फिरवला. कुठून बघायचं हे लिहावं असं तुला वाटलं नाही, आणि विचारावं असं ह्यांना वाटलं नाही. दोघंही पदवीधर!

मी तो उलटा फिरवून घेतला. मोठ्या चक्रांवर सुधारणा झाली, लहान चक्रांवर बिघाड. थोडा मागे घेतला, तर लहान चक्रं ताळ्यावर आली आणि मोठी रुसली. एका लेकराला निजवावं तर दुसरं उठतं, तशातली गत.

मग रविवारी ह्यांचं सायकल मंडळ घरी आलं. सगळे निवृत्त, सगळे अंगाला घट्ट बसणाऱ्या रंगीबेरंगी कपड्यांत. ते कपडे कोणाच्या अंगाला कुठे घट्ट बसतात हे मी लिहीत नाही. माजी मुख्याध्यापकांनी निदान केलं की तेल कमी आहे. मंडळाच्या कप्तानांनी निदान केलं की तेलच जास्त झालं आहे. चहा झाला, पुन्हा चहा झाला, आणि चेन बदलण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. चेन बदलली. नवी चेनही जुनीसारखीच उडी मारते, फक्त जास्त चकाकते. काळे हात माझ्या पडद्याला पुसले.

मला खटकलं ते वेगळंच. हे जन्मभर कारखान्यांचे तपासनीस. दुसऱ्याची चूक म्हणजे ह्यांचा सकाळचा नाश्ता. पण सगळं मंडळ भांडत असताना हे कोपऱ्यात गप्प बसून होते.

लोभ असावा, सल्ले जरा बेताने असावेत.

तुझी,
ताई


२३ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

मंडळाचा वृत्तांत वाचून घाम फुटला. ताई, सायकल परत पाठव. रागाने लिहीत नाही. भावोजींनी ती चालवू नये एवढंच मला वाटतं. त्यांना मी बिनगिअरची साधी सायकल पाठवतो, तिच्यावर आरामात फिरू दे. ही मात्र याच आठवड्यात ट्रान्सपोर्टला दे.

जास्त काय लिहू? चुकलंमाकलं पोटात घालत आलीस, तसंच घालावंस.

तुझा,
धाकटा


३० जून

चि. धाकट्यास आशीर्वाद. वि. वि.

सायकल परत येणार नाही.

तुझं पत्र ह्यांना दाखवलं. मला वाटलं तडकतील, मग मी समजूत घालीन. हे एवढंच म्हणाले की धाकट्याचं बरोबर आहे, पाठवून दे. आणि खुर्चीत जाऊन बसले, पेपर उलगडला, पण पान काही उलटलं नाही. तडकले असते तर परवडलं असतं.

मी झाडू घेतला. राग आला की मी केर काढते, तुला माहीत आहे. काढत काढत सायकलच्या मागे पोचले आणि उठताना सहज पाहिलं. मंडळ सगळा वेळ बाजूला मांडी ठोकून बसलं होतं, कारण हत्यारं बाजूने लावायची असतात. मागे कोणी गेलंच नव्हतं. मी एक डोळा मिटून नीट बघितलं. भूमिती शिकून जमाना लोटला, पण सरळ रेषा अजून ओळखता येते. डिरेलरची दोन लहान चाकं वरच्या चक्राच्या सरळ खाली, एका ओळीत हवीत ना? ती खालून आत कललेली आहेत. डिरेलर ज्या बोटाएवढ्या पट्टीला टांगलेला आहे ती पट्टीच आत वाकली आहे. तार हवी तेवढी ओढा, खुंटीच वाकडी असेल तर कोट सरळ कसा लटकणार?

शिवाय चेन सर्वांत मोठ्या चक्रावर गेली तर हा सांगाडा चाकाच्या तारांत अडकेल, चाक जागच्या जागी थांबेल आणि हे हँडलवरून रस्त्यावर जातील. म्हणजे तू जे विचारू नये म्हणून लिहिलंस तेच. आता मी विचारते. न बघता तुला कसं माहीत होतं?

लोभाचं नंतर बघू. आधी उत्तर.

ताई


५ जुलै

ती. ताईस साष्टांग, अगदी शब्दशः साष्टांग.

ट्रान्सपोर्टच्या गाडीत चढवताना सायकल माझ्याच हातून निसटली, उजव्या अंगावर, डिरेलर खाली. गाडीवाला घाई करत होता. मला ती सरळच दिसली, किंवा तशी दिसावी असं वाटलं. नंतर मन खाऊ लागलं म्हणून त्याच मापाची नवी पट्टी आणून ठेवली. पाठवणार होतो, तेवढ्यात भावोजींचा फोन आला, वस्तू तपासून द्यावी म्हणून. त्यानंतर कोणत्या तोंडाने पाठवू? पण ते पडतील या धास्तीने मला झोप लागेना, म्हणून सायकलच परत मागितली.

पट्टी सोबत आहे. चाक काढलं की दोन बारीक स्क्रू दिसतील. हे भावोजींना सांगू नकोस, तुला माझी शपथ.

लायकी नसली तरी लोभ असावा.

तुझा,
धाकटा


११ जुलै

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी ह्यांना दिलं. शपथ घालायची असेल तर आधी मला विचारत जा.

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि पत्र परत पहिल्यापासून वाचलं. मग म्हणाले की पट्टी धाकट्याने नाही, मीच वाकवली. सायकल आली त्याच दिवशी फाटकाबाहेर शेजाऱ्यांना एक हात सोडून चालवून दाखवत होते. पडले, उजव्या अंगावर. शेजारी भले, त्यांनी पाहिलं नाही असं दाखवलं. तू जीव लावलेली वस्तू आपण पहिल्याच दिवशी मोडली, हे ह्यांच्या मनातून जाईना. तू विचारशील या भीतीने आधी ह्यांनीच तुला झापलं. म्हणून मंडळापुढे तोंडाला कुलूप, म्हणून मुकाट्याने सायकल परत द्यायची तयारी.

म्हणजे तुम्ही दोघांनी एकच अपराध आपापल्या घरी लपवला आणि त्याची शिक्षा फोनवरून एकमेकांना केली. मधल्यामधे मी आणि माझा पडदा.

पट्टी मी बसवली, ह्यांनी सायकल धरली. पहिल्या स्क्रूला ह्यांनी सूचना केली. मी पाना ह्यांच्यापुढे केला. दुसऱ्या स्क्रूला सूचना आली नाही. तार नव्याने जुळवली, सायकलच्या मागे उभं राहून, डावीकडे. आज सकाळी हे चढ चढून आले. सगळ्या चक्रांवर चेन चढली, उतरली, असं फाटकातूनच ओरडून सांगितलं. नंतर जेवताना भाजी थोडी अळणी आहे म्हणाले. मी चालवून घेतलं.

गुडघ्याला विश्रांती दे, जिभेलाही दे. लोभ होताच, आता दोघांचाही आहे. खालची पोच ह्यांच्याच हातची आहे. मी एक अक्षर बदललेलं नाही.

तुझी,
ताई

पोच: मेहुण्यांकडून मिळाली, सरळ पट्टी, नग एक. तपासून घेतली, बसवली. मेहुण्यांच्या हवाली केली, वाकडी पट्टी, नग एक, कागदात गुंडाळून. तसेच जुनी चेन, नग एक, निर्दोष. पट्टी कोणी वाकवली हा मुद्दा तपासातून वगळण्यात आला आहे. नोकरीत असा मुद्दा कधी वगळला नव्हता. गुडघा बरा झाला की इकडे यावे. सायकल एकच आहे, आळीपाळीने चालवू.

भावोजी