बसमधून न उतरणारे

रविवार, ९ जून २०१३

कंपनी नमली! दुपारच्या सुट्टीला सावली, साइटवर थंड पाणी. आधी साईने सहमच्या कामगार कॅम्पवरून फोन केला, मग कंपनीच्या पीआरओने दुजोरा दिला — “पण छापू नका हां, मॅडम.” आमच्या संपादकांनी तसंही छापलं नसतं.

हे सगळं त्या जाफरचं. दापोलीकडचा, परांची बांधणारा. संप हा शब्द तो उच्चारत नाही. माणसं वेळेवर बसने साइटवर येतात आणि बसमधून उतरतच नाहीत. “एकट्याने उतरायचं नाही, एवढाच कायदा,” साई म्हणाला. माझा धाकटा भाऊ, वेल्डर. त्याला इथे आखातात मीच आणला, ह्याच पीआरओच्या ओळखीने.

मंगळवार, ११ जून

जाफरची नवी मागणी — ईदवाल्यांना ईदला घरी सोडा, गणपतीवाल्यांना गणपतीला. सगळ्यांना, एकदम! कोण सोडेल?

“नाही मिळणार गं, माहितीये,” साई म्हणाला. “पण तो बोलायला लागला की वाटतं, मिळेल.”

बुधवार, १२ जून

पुन्हा बसून राहिलेत. कंपनीने ड्रायव्हरला एसी बंद करायला लावला.

गुरुवार, १३ जून

काल साई उतरला. शेजारच्या सीटवरचे रामकृष्णकाका उकाड्याने बेशुद्ध पडले, त्यांना खांद्यावर घेऊन उतरला. मागच्या बसवाल्यांना वाटलं, खलास, मिटलं — तेही उतरले. सगळं मोडलं.

आता मेसमध्ये साईच्या टेबलावर कोणी बसत नाही. “डाळसुद्धा कोणी पुढे सरकवत नाही, ताई.”

शुक्रवार, १४ जून

अझैबाहून, माझ्या घरून, सकाळीच निघाले, सहमला कॅम्पवर गेले. जाफर स्वतः चहा घेऊन आला. अदबशीर माणूस.

“काका पडले होते, तुम्हाला माहीत होतं?”

“होतं ना.”

“मग सांगा सगळ्यांना!”

हसला. “एसी बंद होईल हे मला सुचलं नाही, ताई. ते सांगितलं तर उद्या माझं कोण ऐकेल? चार दिवस साईवर राग काढू दे. पोरगा मजबूत आहे तुमचा.”

बाहेर माणसं त्याचीच वाट बघत उभी. चहा चांगला होता, त्याचाही राग आला.

साईला म्हटलं, घरी जा, पूर्वाकडे. “बायकोला काय सांगू? पोरांनी वाळीत टाकलं म्हणून आलो?”

रविवार, १६ जून

रामकृष्णकाका दवाखान्यातून आले ते थेट मेसमध्ये. ताट घेऊन साईच्या समोर बसले. मोठ्याने म्हणाले, “ह्याने उतरवलं नसतं तर पेटीतून गेलो असतो गावाला!” मग जाफर उठला, साईला मिठी मारली — “हा माझा भाऊ!” टाळ्याच टाळ्या.

साई फोनवर हसत होता. किती दिवसांनी! मी मात्र हसले नाही. बेरकी माणूस.

सोमवार, १७ जून

जाफरचा व्हिसा रद्द. आजच विमानात बसवला. पीआरओ म्हणाला, “आता शांत होईल, इन्शाल्ला.”

मला हायसं वाटलं. खोटं कशाला लिहू?

मंगळवार, १८ जून

पीआरओचा पुन्हा फोन, साईची काळजी म्हणून. उद्या बसमध्ये जो म्होरक्या दिसेल, त्यालाही लगेच घरी पाठवणार. साईला कळवलं — गपचूप मागे बस, कोणी काही म्हणालं तरी उतर.

“मागे कसा बसू? जाफर परत येईपर्यंत उतरायचं नाही, हे उद्या त्यांना मीच सांगणार आहे, ताई.”

बस सहाला निघते.