समोवाराचा चार्ज

प्रति,
मा. सचिव साहेब,
सुबोधिनी शिक्षण मंडळ,
औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर.

अर्जदार : सोमनाथ सांडू दांडगे, सहशिक्षक (इतिहास), मंडळाचे माध्यमिक विद्यालय, छावणी.

विषय : इयत्ता नववी 'ब'च्या रशियन इतिहास व संस्कृती तासिकेचा चार्ज अपुरा मिळाल्याबाबत.

संदर्भ : १) माझा तक्रार अर्ज, दि. २८ जुलै २०२५. २) आपला आदेश, दि. १४ ऑगस्ट २०२५.

महोदय,

१. वरील विषयी सविनय कळवितो की, मी सत्तावीस वर्षे इतिहास शिकवीत आहे. रशियन राज्यक्रांती अभ्यासक्रमात होती तोवर ती मीच शिकवली. असे असताना यंदा जूनपासून शनिवारची शेवटची तासिका विज्ञान शिक्षिका श्रीमती तनुजा अतुल शेजूळ यांना रशियाचा इतिहास व संस्कृती शिकविण्यासाठी देण्यात आली. त्यांची पात्रता एवढीच की, त्यांची मुलगी सायली कझानला डॉक्टरकी शिकते आणि उन्हाळ्यात त्या तिच्याकडे वीस दिवस राहून आल्या. वीस दिवस राहून देश कळत असता, तर छावणीत तीस वर्षे राहून मी सुभेदार झालो असतो.

२. येताना त्यांनी समोवार आणला. समोवार म्हणजे रशियन लोकांचे चहाचे पाणी उकळण्याचे पितळी भांडे. दिसायला आपल्या बंबाचा धाकटा भाऊ. त्यातला कोरा चहा आणि चमचाभर मुरांबा देऊन त्या मुलांना रशिया सांगत. शनिवारी कधी नव्हे ती पूर्ण हजेरी लागू लागली, आणि तोच वर्ग सोमवारी माझ्यासमोर जांभया देऊ लागला. मा. मुख्याध्यापकही तो चहा पीत, म्हणून हा अर्ज त्यांच्यामार्फत न पाठवता थेट पाठवीत आहे. इतिहास हा इतिहासाच्या शिक्षकाकडेच असावा, असा अर्ज मी केला (संदर्भ १) व आपण तासिका माझ्याकडे दिली (संदर्भ २). त्याबद्दल आभारी आहे.

३. चार्ज मी नियमाप्रमाणे यादी करून घेतला. नकाशा एक (सायबेरियाच्या जागी फाटलेला), एकात एक बसणाऱ्या बाहुल्या सात, टिपणवही एक. समोवार मात्र खाजगी मालमत्ता म्हणून त्यांनी घरी नेला. मी हरकत घेतली, पण शाळेच्या वस्तूंच्या डेडस्टॉक रजिस्टरला त्याची नोंदच नसल्याचे लेखनिकाने दाखविले.

४. पहिल्या शनिवारी मी रोमानोव्ह घराण्याची सनावळी फळ्यावर लिहून दिली. मुलांनी ती उतरवून घेतली. मग रूपा या विद्यार्थिनीने हात वर केला. तिचे शब्द जसेच्या तसे देतो : "सर, मॅडमनी बियांचं अर्धंच सांगितलं व्हतं. पुढं काय झालं?" चौकशीअंती समजले की, महायुद्धात लेनिनग्राड शहराला वेढा पडला असता तेथील बियाणे संग्रहातील माणसे उपाशी राहिली, पण त्यांनी पोत्यातले दाणे खाल्ले नाहीत, इथपर्यंत श्रीमती शेजूळ यांनी सांगितले होते आणि घंटा झाली होती. रूपा सिल्लोडकडची आहे. तिच्या आजीने म्हणे एका वर्षी भुईमुगाचे बियाणे घरात कोणाला खाऊ दिले नव्हते. मी तत्काळ उत्तर दिले की, वेढा २७ जानेवारी १९४४ रोजी उठला व बिया वाचल्या. त्यावर ती म्हणाली, "आसं नाय सर. मॅडम सांगतील तवा ऐकू." सत्तावीस वर्षांत मला कोणी असे बोलले नव्हते. खरे सांगायचे तर, सत्तावीस वर्षांत 'पुढं काय झालं' असेही मला कोणी विचारले नव्हते.

५. सबब मला मिळालेला चार्ज अपुरा आहे. समोवार, मुरांबा, गोष्ट सांगताना आवाज खाली आणण्याची पद्धत आणि नेमके कुठे थांबायचे ती जागा, यांचा लेखी चार्ज श्रीमती शेजूळ यांनी मला सात दिवसांत द्यावा, असा आदेश व्हावा. मला मत्सर वाटतो, असे स्टाफरूममध्ये बोलले जाते. तो वाटतो. रोज वाटतो. परंतु सेवानियमांत मत्सराला गैरवर्तन म्हटलेले माझ्या वाचनात नाही.

६. आता मुले मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत जाऊन त्यांच्याकडून ती गोष्ट ऐकतात, हा आदेशाचा भंग आहे. पुरावा हवा म्हणून मी मंगळवारी खिडकीबाहेर उन्हात उभा राहिलो. भाताच्या वाणांची राखण करणारा माणूस भाताच्या पुड्यांमध्ये बसल्या जागी भुकेने गेला, असे त्या सांगत होत्या. मुलांनी डबे उघडले होते, पण कोणी घास घेतला नाही. तेवढ्यात घंटा झाली. मीही माझा डबा तसाच घरी नेला.

७. तरी परिच्छेद ५ मधील मागणी मी मागे घेतो. शनिवारची तासिका श्रीमती शेजूळ यांना परत द्यावी. देखरेखीसाठी ज्येष्ठ शिक्षक म्हणून मला शेवटच्या बाकावर बसविण्यात यावे. आदेशात 'अर्जदाराच्या विनंतीवरून' हे शब्द कृपया नसावेत, व या अर्जाची प्रत त्यांना देऊ नये. निर्णय या शनिवारच्या आत व्हावा. बिया वाचल्या हे मला तारखेसह पाठ आहे. तरी मंगळवारपासून, त्या वाचतील की नाही, याची मला काळजी लागून राहिली आहे.

आपला नम्र, व अद्याप सेवाज्येष्ठ,
(सही)
सो. सां. दांडगे
दि. १८ सप्टेंबर २०२५

सोबत : १) चार्ज यादीची प्रत. २) सेवाज्येष्ठता यादी (माझे नाव अधोरेखित).