माझा आवाज कोणाकडे जावा

मी, ओतिलिया सामुदिओ, एव्हरार्दो लागुनेस यांची विधवा, वय एक्याऐंशी, राहणार सान हेरोनिमो दे ला व्हेगा, नदीकाठची गल्ली, आज माझ्या खुर्चीत बसून, डोके ठिकाणावर असताना, माझ्यामागे काय कोणाला जावे ते सांगत आहे. नोटरी क्रिसोफोरो उस्कांगा ते लिहून घेत आहेत. ‘कोणाच्याही दडपणाखाली न येता’ हे शब्द मृत्युपत्रात असावे लागतात, असे ते म्हणतात. खालील प्रत्येक इच्छा माझी स्वतःची आहे, एवढे मी शपथेवर सांगते. दडपणाचे विचाराल, तर ज्या घरात हे लिहिले जात आहे त्याच्या फाटकाची किल्ली माझ्याकडे नाही. नोटरीसाहेब तिकीट काढून आत आले आहेत.

कलम पहिले, घराबद्दल. हे घर माझ्या आईवडिलांचे. ते माझ्या हयातीतच माझे संग्रहालय झाले. पुढच्या खोलीत काचेच्या कपाटात माझा झालरींचा पांढरा पोशाख आणि कासवाच्या पाठीची फणी ठेवली आहे. कपाटाशेजारी मला ठेवतात. लोक आधी पोशाख बघतात, मग मला. एका बाईने माझ्या मनगटाला बोट लावून नवऱ्याला सांगितले, “अहो, गरम आहे.” हे घर मी माझी धाकटी बहीण नियेव्हेस हिला देते. तिने अंगणातली तिकिटाची खिडकी पाडावी आणि तिथे पूर्वी होता तसा नाचाचा लाकडी चौथरा घालावा. फळ्या देवदाराच्याच घ्याव्यात. स्वस्तातल्या घेतल्या तर टाचांचा आवाज पुठ्ठ्यावर मारल्यासारखा येतो.

त्या चौथऱ्याविषयी लिहून घ्या म्हटले, तेव्हा नोटरीसाहेब म्हणाले की याची गरज नाही. मला आहे. बारसे असो, संताचा दिवस असो, अंगणात फांदांगो व्हायचा. बायका चौथऱ्यावर टाचांनी ताल धरायच्या, भोवती पुरुष हाराना छेडत उभे राहायचे, म्हणजे आमच्या या लहान गिटारी, आणि गाणाऱ्याने समोर जो दिसेल त्याच्यावर तिथल्या तिथे चार ओळी जुळवायच्या. चाल शंभर वर्षांची, शब्द त्या क्षणाचे. मी चौदा वर्षांची असल्यापासून जुळवत होते. गावचा औषधवाला माझ्यासमोर उभा राहायचा नाही. त्याच्या केसांच्या टोपावर मी एकदा गायले होते, आणि ते गाणे नदीच्या पलीकडे पोचले.

कलम दुसरे, माझ्या नवऱ्याच्या हार्पबद्दल. ती गावातल्या चर्चला द्यावी. एव्हरार्दोसारखी हार्प या नदीवर कोणी वाजवली नाही, हे मी त्याच्यावर रागावलेली असतानाही म्हणत आले. त्याने ‘पांढरे बगळे’ हे मंडळ काढले. बंदरावरच्या हॉटेलांत आम्ही वाजवू लागलो, मग रेडिओवर, मग सरकारी समारंभांत. सगळ्यांना पांढरे कपडे. तासभर चालणारी चाल तीन मिनिटांवर आली. आमच्या गाण्यांची तबकडी निघाली आणि शब्दही पक्के झाले, कारण तबकडीत होते तेच लोकांना हवे होते. एकदा एका मोठ्या मेजवानीत पाहुण्याच्या मिशीला सॉस लागलेला मला दिसला आणि तोंडातून चार ओळी निघून गेल्या. सगळे हसले, तो पाहुणाही हसला. एव्हरार्दोने हार्पच्या तारांवर तळहात ठेवला आणि गाणे तिथेच तोडले. आत गेल्यावर तो शांतपणे म्हणाला, “हा मंच आहे, ओतिलिया. तुझ्या आईचं अंगण नाही.”

त्यानंतर चाळीस वर्षे मी त्याच कडव्यांत राहिले. ती चांगली कडवी आहेत. पण चांगल्या खोलीतही कोणाला चाळीस वर्षे कोंडू नये. लोक मला परंपरेची आई म्हणू लागले. कोणी मंडळाला विचारले की नवीन काही का नाही, तर एव्हरार्दो माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, ‘परंपरा बदलत नसते.’ मी मान डोलवायची. बदलणे हीच आमची परंपरा होती, हे त्या पोशाखात उभे राहून सांगणार कसे?

कलम तिसरे, आवाजाबद्दल. नियेव्हेसची मुलगी इत्सेल हालापा शहरात राहते आणि आमच्याच चाली विजेच्या गिटारीवर, ट्रम्पेटवर आणि ताल धरणाऱ्या एका यंत्रावर वाजवते. मंडळाने तिच्याविरुद्ध वर्तमानपत्रात लिहिले; तिने आजीच्या शालीची पायपुसणी केली, असे त्यात होते. मागच्या हिवाळ्यात ती यंत्र घेऊन माझ्याकडे आली. मी म्हटले, वाजव. पहिल्यांदा वाटले कोणी पत्र्यावर नारळ ओततो आहे. मग त्या गोंगाटाखाली टाचा ऐकू आल्या. तिने माझ्या आईच्या चौथऱ्याची एक उरलेली फळी कुठूनतरी शोधून तिच्यावर नाचून तो आवाज यंत्रात भरला होता. आणि मध्येच तिने सगळे थांबवले, फक्त टाचा चालू ठेवल्या, आणि माझ्याकडे पाहिले.

“आता तू म्हण, मावशी.”

मी तोंड उघडले आणि तबकडीतले कडवे बाहेर आले. ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, “हे माहितीये मला. दुसरं म्हण.” दुसरे नव्हतेच. मी आत शोधले, सगळे झाडून नेल्यासारखे होते. मी तिला जा म्हटले. ती पुढच्या आठवड्यात परत आली. तेव्हाही काही आले नाही, नुसतीच मी रडले, आणि तिने टाचा चालू ठेवल्या. तिसऱ्या खेपेला माझ्या फाटक्या आवाजात चार ओळी आल्या: काचेतल्या पोशाखावर, त्याला रोज पुसतात आणि मला विसरतात यावर. शेवटचा शब्द यमकात बसला नाही. इत्सेल टुणकन उठली आणि माझ्या गालांचे मुके घेतले. मी कितीतरी वर्षांनी घामाघूम झाले होते.

इत्सेलने यंत्रात भरून घेतलेले ते गाणे माझा मुलगा रेयेस याने ऐकले. मंडळ आता तो चालवतो. ओतिलिया सामुदिओचा आवाज मंडळाचा आहे, असे वकिलाकडून त्याने इत्सेलला कळवले, आणि माझ्या प्रकृतीचे कारण सांगून तिला फाटकात अडवले. त्या दिवसापासून फाटकाला कुलूप आहे. नोटरीसाहेबांचे मत असे, की मंडळाबरोबर गायलेले मंडळाचे असेल, पण जी कडवी मी स्वतः जुळवली आणि मंडळाबाहेर गायली ती माझी, आणि ती मी कोणालाही देऊ शकते. म्हणून ती सर्व मी इत्सेलला देते. तिने ती कापावी, उलटी करावी, यंत्रात घालावी, शब्द बदलावे. मुख्यतः शब्द बदलावे. माझी हारानाही तिचीच. तिने एकही कडवे जसेच्या तसे ठेवल्याचे कळले तर मला आवडणार नाही.

कलम चौथे, रेयेसबद्दल. मंडळाचे नाव, काचेचे कपाट, पोशाख, पाट्या आणि तसबिरी त्याच्याच आहेत, त्या त्याच्याकडे राहाव्यात. याखेरीज त्याला मी एक गोष्ट देते, आणि ती नोटरींनी शब्दशः लिहावी. बाळा, तुला होड्यांची इंजिने उघडून परत जोडायला आवडायचे. तू आठ वर्षांचा असताना वडिलांनी तुला हार्पपुढे बसवले आणि तू तिथून उठला नाहीस. मंडळ बंद करायला मी तुला परवानगी देते. कोणी विचारले तर आईने सांगितले म्हण.

कलम पाचवे. मला पुरताना हिरवा सुती झगा घालावा, स्वयंपाकघरातल्या खुंटीवर आहे तो. पांढरे काही नको. बगळ्यांनी वाजवू नये. इतर कोणीही काहीही वाजवावे, बेसूर असले तरी चालेल.

चौथे कलम सांगून होत असताना रेयेस दारात आला होता, हे मी पाहिले नव्हते. नोटरीसाहेबांनी हात थांबवला. मी म्हटले, लिहा. रेयेसने सगळे ऐकले. त्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिले. तारांनी त्यांना घट्टे पडले आहेत. मग म्हणाला, “शनिवारचा कार्यक्रम ठरलाय, आई. तिकिटं गेलीत.” मी विचारले, त्यानंतरच्या शनिवारी? तो म्हणाला, “तोही.” आणि बाहेर थांबलेल्या लोकांना आत घ्यायला गेला. त्याने नोटरींना हाकलले नाही, हेही नमूद करावे.

हे मृत्युपत्र कधीपासून लागू होईल, असे मी शेवटी विचारले. नोटरीसाहेब म्हणाले, “तुमच्या निधनानंतर, बाई.” त्याआधी काही होत नाही का, म्हटले. ते म्हणाले, कायद्यात तशी सोय नाही. ठीक आहे. तोवर मी इथेच आहे, खुर्चीत, सकाळी दहा ते दोन, सोमवार सोडून.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझा आहे.

सही: ओतिलिया सामुदिओ

साक्षीदार: फिलोमेना बाशिन, या घराची झाडलोट करणारी. आदालबेर्तो किन्तेरो, पुएब्लाचे प्रवासी, पोशाख पाहायला आले होते, बाईंनी थांबवून घेतले.

ठिकाण: सान हेरोनिमो दे ला व्हेगा. दिनांक १४ मार्च २०१९.

नोटरीची नोंद: सही करताना ओतिलियाबाई टाचेने फरशीवर ताल धरून पुटपुटत होत्या. मजकुरात काही भर घालायची आहे का, असे मी विचारले. माझ्या टकलाकडे बारकाईने पाहत त्या म्हणाल्या, “थांबा, तीन ओळी झाल्यात.”